ओढलेली तबकडी

बडोदे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. मंदाआत्या,

पाकीट बघून घाबरू नकोस. आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं बाबांच्या कानावर जातं, आणि मेसेज केला तर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस. म्हणून पत्र.

बाबांना गेल्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजलाय. जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी मिटणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. शर्टाची बटणं आई लावून देते. सकाळी शेजाऱ्यांनी सेवउसळ आणून दिली, ती डाव्या हाताने खाताना निम्मी शर्टावर सांडली. बाबा स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

पण हाताचं त्यांना तितकं वाटत नाही. वाघोडियाच्या त्यांच्या कारखान्याने चौकशी करून ठरवलं, की अपघात ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झाला. सगळं आयुष्य बॉयलरपाशी काढलेला माणूस, आणि निष्काळजी. मॅनेजर घरी आला, चहा प्यायला, "माधवभाई, ध्यान तो राखवुं जोइए ने," म्हणजे लक्ष ठेवायला हवं, एवढं म्हणाला आणि गेला. बाबांनी मान खाली घातली. ते म्हणतात, काटा हिरव्यात होता असं मला स्पष्ट दिसलं, म्हणूनच मी व्हॉल्व्ह उघडला, म्हणजे माझे डोळेच गेले. मांडवीतल्या चष्मेवाल्याकडे जाऊन नंबर तपासून आले. नंबर तोच निघाला. तरी आता दुसऱ्याला दाखवू म्हणतात.

आत्या, त्यांचे डोळे शाबूत आहेत. मी कारखान्यात जाऊन तो स्क्रीन बघून आलेय. तुला माहीत आहे, बॉयलरचे हे स्क्रीन आमच्याच छाणीच्या ऑफिसात तयार होतात, आणि हा तर मी आणि तुझ्या अनयने मिळून केला होता, तो आमच्याकडे राहून तिथेच नोकरी करत होता तेव्हा. त्यावर वाफेच्या दाबाची गोल तबकडी आहे, भिंतीवरच्या घड्याळासारखी. त्यावर हिरवा पट्टा, पुढे लाल पट्टा, आणि वर वेगळा बसवलेला काटा. आम्ही काम संपवलं तेव्हा ती तबकडी गोल होती. मग मी दुसऱ्या कामाला सुरतेला गेले, आणि मागे कुणीतरी ती माऊसने धरून आडवी ओढली, शेजारची रिकामी जागा भरावी म्हणून. ओढताना शिफ्टची कळ दाबून कोपरा धरला, तर लांबी-रुंदीचं प्रमाण कायम राहतं आणि गोल गोलच राहतो. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. ओढणाऱ्याने कळ दाबली नाही. तबकडीचं अंडं झालं, लाल पट्टा खाली सरकला, आणि काटा मात्र होता तसाच फिरत राहिला. दाब लालमध्ये गेला तरी काटा हिरव्यावर. बाबांना जे दिसलं ते बरोबर दिसलं.

हे कुणी केलं तेही मला ठाऊक आहे. आमचे राजवर्धन सर. प्रत्येक स्क्रीनपाशी येऊन, "जागा कशाला सोडता, भरून काढा, गिऱ्हाइकाला मोठं दिसलं पाहिजे," हे त्यांचंच तुणतुणं. ओढताना प्रमाण आपोआप बांधलेलं राहील अशी सोय करू या, म्हणून मी मागे त्यांच्याशी किती मगजमारी केली. "चालशे," म्हणाले. आणि चौकशीत आमच्या कंपनीतर्फे 'स्क्रीन निर्दोष आहे' म्हणून सही कुणाची? त्यांचीच. ऑफिसात सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, त्यामुळे कुणी काय बदललं याचा माग नाही. अनयला मी पुण्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, ताई, तू सुरतेला गेल्यावर मी त्या स्क्रीनला हातसुद्धा लावला नाही.

मी त्या माणसाला सोडणार नाही. बाबांच्या कपाळी जे लिहिलंय ते त्याच्या कपाळी लिहीन, तेव्हाच मला जेवण गोड लागेल. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस, ते मला अडवतील.

तुझी,
कांचन


सांगली, ११ फेब्रुवारी

चि. कांचन,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. माझा भाऊ. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरायचा तो हात. देव बघतोय, एवढंच म्हणते.

पोरी, तू म्हणतेस ते अगदी बरोबर. हा राजवर्धनच. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारी माणसं ही. तू कच खाऊ नकोस. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, तेव्हा चारचौघांत दाब, एकांतात नको. एकांतात तो तुलाच गुंडाळेल. आपल्या अण्णांची नात आहेस तू, त्यांचं रक्त आहे तुझ्यात. त्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही, पण कुणी केलेलं गिळलंही नाही.

अनयला मात्र यात घालू नकोस. पुण्याची नोकरी नवी आहे, साहेब कडक आहे, आणि मामाचं ऐकल्यापासून तो धड जेवत नाही. त्याला फोन करून पुन्हा पुन्हा विचारलंस तर जीव कासावीस होतो त्याचा. तो लहानपणापासून हळवा आहे, तुला माहीत आहेच. जे विचारायचं ते मला विचार.

माधवला हळदीचं दूध देत जा. त्या नीच माणसाचं काय झालं ते लगेच कळव.

तुझी,
मंदाआत्या


बडोदे, ६ मार्च

ती. आत्या,

झालं. पेढे वाट.

कारखान्याने नव्या बॉयलरच्या कामासाठी आमच्या ऑफिसात बैठक बोलावली होती. मॅनेजर, त्यांचे दोन साहेब, आमचे दोघे भागीदार, आणि स्क्रीन दाखवायला मी. राजवर्धन सर इस्त्रीचा शर्ट घालून पुढे. मी नव्या स्क्रीनच्या ऐवजी जुनाच उघडला, बाबांचा. सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर. तबकडीवरून काटा काढला आणि म्हटलं, "साहेब, ही गोल आहे का?" मॅनेजर म्हणाला, "थोडी पोहोळी छे," म्हणजे जरा रुंद आहे. मी म्हटलं, "आता बघा." शिफ्ट न दाबता ती पुन्हा चेपून मूळची गोल केली, काटा परत ठेवला, आणि अपघाताच्या दिवशीचा दाब भरला. काटा लालमध्ये, चांगला आत. मग पुन्हा ओढली. तोच दाब, तोच काटा, आणि तो हिरव्यावर.

"माझ्या वडिलांनी हे बघितलं," मी म्हटलं. "निष्काळजी कोण, ते आता तुम्ही सांगा. ही तबकडी राजवर्धन सरांनी ओढली, आणि निर्दोष म्हणून सहीही त्यांनीच केली."

आत्या, त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. ज्या माणसाने मला सगळ्यांदेखत 'बेन, तमे रहेवा दो' म्हणून गप्प बसवलं होतं, त्याला घाम पुसायला रुमाल सापडेना. भागीदार त्यांच्याकडे बघायला लागले. शेवटी ते म्हणाले, "जागा भरा हे मी सांगितलं. सही माझी आहे, तीही कबूल. पण मी ओढली नाही. मी माऊस हातात धरतो का कधी?" मी म्हटलं, "मग कुणी ओढली?" तर माझ्याकडे बघत म्हणाले, "घरी विचार."

घरी विचार. म्हणजे एवढं होऊनही बाबांनाच चूक म्हणायचं. मला इतकी आग लागली, की मी जे तोंडाला येईल ते बोलले. सगळं काही सांगत नाही, पण त्यांच्या बायकोमुलांपर्यंत गेले. भागीदारांनी त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं. सामान घेऊन जाताना ते माझ्या टेबलापाशी क्षणभर थांबले, मी मान वर केली नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

एकच अडलंय. कारखाना म्हणतो, स्क्रीन चुकीचा होता हे पटलं, पण मी ओढली असं ज्याने ओढली त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय माधवभाईंवरचा ठपका आम्हाला काढता येत नाही. आणि तो माणूस शपथेवर नाही म्हणतोय. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, ठपका निघाला की मगच सांगेन. काल ते तिसऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले.

तुझी,
कांचन


सांगली, १८ मार्च

चि. कांचन,

शाब्बास. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. करावे तसे भरावे. त्याचं पाप त्याच्या पदरात पडलं, आता तो विषय सोड. ठपक्याचं म्हणशील तर माधव दोन वर्षांत निवृत्त होणार, कागद कागदाच्या जागी राहील. बैल गेला आणि झोपा केला, असं नको व्हायला. उगाळत बसू नकोस.

आता आनंदाची बातमी. अनयचं ठरलं. मिरजेचीच मुलगी आहे, मोहना नाव, दिसायला नाकीडोळी नीटस. जानेवारीपासून बोलणी चालली होती, पण तुमच्याकडे हे असं, म्हणून बोलले नाही. लग्न मेच्या अठराला. माधवला सांग, भाच्याच्या पाठीशी मामा म्हणून तोच उभा राहणार. अंतरपाट धरला की मागे मामा हवा, आणि मला एकच भाऊ. हाताला पांढरा मोजा घालू या, म्हणजे लोकांना विचारायला निमित्त नको.

सोबत अण्णांचा फोटो पाठवते आहे. सहावारी नेसलेल्या आईशेजारी खुर्चीत बसलेले, तो. फोटो छोटासा होता, तो अनयने स्वतः कॉम्प्युटरवर मोठा करून चौकटीत बसवला. एक माझ्याकडे, एक माधवला. अण्णा जरा अंगाने भरल्यासारखे वाटतात, पण प्रसन्न दिसतात. बाबांच्या खोलीत लाव.

तुझी,
मंदाआत्या


बडोदे, २७ मार्च

आत्या,

फोटो मिळाला. बाबांनी तो मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघत बसले. मग चष्मा काढून पुसला. "अण्णा मला जाड दिसतायत," म्हणाले. "कांचन, खरं सांग, हेसुद्धा माझ्या डोळ्यांचंच ना?"

मी त्यांच्या हातातून फोटो घेतला. अण्णांच्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, तुला आठवत असेल. ते घड्याळ अंड्यासारखं आहे. उंची जशीच्या तशी आणि फक्त रुंदी वाढलेली. उजवी कड मधोमध धरून ओढली की असं होतं. कोपरा धर, अनय, कोपरा, आणि दुसऱ्या हाताने शिफ्ट, हे मी त्याला आमच्याच घरात जेवणाच्या टेबलापाशी बसवून शिकवलं होतं. तरी त्याचा हात मधल्या कडेवरच जायचा. कारखान्यातली तबकडीही तशीच ओढलेली आहे, उंची तीच आणि उजवीकडे पसरलेली. मला ते त्याच दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला राजवर्धन हवा होता.

सर माऊस धरत नाहीत. ते मागे उभे राहून बोट दाखवतात. हे मला रोज दिसत होतं. आणि घरी विचार म्हणाले, ते बाबांबद्दल नव्हतं.

फोटो अनाडी माणूसही असा मोठा करेल, हे मला कळतं. तेव्हा एकच विचारते, आणि उत्तर सरळ दे. तुला ठाऊक होतं का?

कांचन


सांगली, ४ एप्रिल

कांचन,

हो. ठाऊक होतं. अपघाताची बातमी आली त्याच दिवशी त्याने मला रडत रडत सांगितलं. पुण्याची नोकरी घे आणि आधी तिथून नीघ, हे मीच म्हटलं. आता बोल.

तू आई नाहीस म्हणून तुला हे पाप वाटतंय. पंचविशीचा पोरगा, ज्याच्या एकट्याच्या जिवावर घराणं उभं राहणार, त्याला मी आपल्या हाताने कोर्टकचेरीत ढकलू? माधवचा हात गेला तो गेला. अनयला बुडवून तो परत येणार आहे का? आणि तुझ्या त्या राजवर्धनाबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. जागा भरा म्हणणारा तो, खोटी सही करणारा तो. दोन्ही गुन्हे त्याचेच, त्यात एक तिसरा वाढला तर काय बिघडलं?

तुला चिथावलं, असं म्हणशील. तू चिथावून घ्यायला बसलीच होतीस, पोरी. मी फक्त फुंकर घातली.

आता हात जोडून सांगते. माधवला कळू देऊ नकोस. त्याचं रक्तदाबाचं दुखणं आहे. ज्या भाच्याला दोन वर्षं आपल्या ताटातला घास दिला त्यानेच हे केलं, म्हणून तो उभ्याचा बसेल. आणि मिरजेच्या लोकांना कळलं तर लग्न मोडेल. पत्रिका छापून आल्या आहेत. तुझ्या अण्णांची शपथ आहे तुला.

मंदाआत्या


बडोदे, २२ एप्रिल

सौ. मंदाकिनीबाईंस,

अण्णांची शपथ मोडली. त्यांना ज्यांनी ओढून रुंद केलं त्यांनी त्यांची शपथ घालू नये.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी अनयला फोन केला. एवढंच म्हटलं, की शनिवारी बडोद्याला ये, नाहीतर रविवारी मी मिरजेला जाते. तो आला. बाबा त्याला बघून इतके हरखले, की आईला म्हणाले, याच्यासाठी श्रीखंड कर. मी टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला होता. त्यावर तोच स्क्रीन, तबकडी मूळची गोल केलेली आणि अपघाताच्या दिवशीचा दाब भरलेला. बाबांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि अनयला म्हटलं, "ओढ. तशीच ओढ जशी ओढली होतीस."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या हाताकडे. पट्टी निघालीय आता, कातडी गुलाबी चमकते. त्याने माऊस धरला. हात मधल्या कडेवर गेला, सवयीने. तबकडी पसरली, काटा हिरव्यावर आला. मी ती पुन्हा पहिल्यासारखी गोल करून दिली. "आता कोपरा धर," मी म्हटलं, "आणि शिफ्ट." तबकडी मोठी झाली आणि गोल राहिली, काटा लालमध्ये. बाबा पुढे वाकून बघत होते. "पुन्हा कर," ते म्हणाले. त्याने पुन्हा केलं. मग बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे माझे डोळे चांगले आहेत."

एवढंच म्हणाले. अनयवर ओरडले नाहीत, मारलं नाही. तुम्ही म्हणाला होतात तसे उभ्याचे बसलेही नाहीत. इतके महिने खाली घातलेली मान त्यांनी वर केली. ते तुम्ही त्यांना द्यायला तयार नव्हता.

मीच विचारलं त्याला, की शिफ्ट का नाही दाबलीस, तुला तर येत होतं. तो म्हणाला, दुसरा हात मोकळा नव्हता. त्या हातात फोन होता. सर मागून घाई करत होते आणि फोनवर आई मिरजेच्या स्थळाचं सांगत होती, म्हणून ठेवता येईना.

तेव्हा फोनवर तुम्ही होतात. तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मागच्या पत्रात सगळं लिहून तेवढंच तुम्ही गाळलंत.

सोमवारी अनय माझ्याबरोबर वाघोडियाला आला आणि मॅनेजरसमोर स्वतःच्या तोंडाने बोलला. बाबांवरचा ठपका निघाला. मॅनेजर पुन्हा घरी येऊन चहा पिऊन गेला, या वेळी मान त्याची खाली होती. मग मी राजवर्धन सरांच्या घरी गेले. तुम्ही ओढली नव्हती, हे त्यांच्या बायकोसमोर आणि मुलांसमोर सांगितलं, आणि त्यांच्याबद्दल जे बोलले ते परत घेतलं. अनयचं नाव का घेतलं नाहीत म्हटलं, तर म्हणाले, पासवर्ड सगळ्यांचा एकच, पुरावा काय दाखवणार होतो? सहीबद्दलचं घेतलं नाही. ती त्यांची आहे आणि ती त्यांच्याकडेच राहील. तिसरा गुन्हा त्यांचा नव्हता, तो मी तुमच्या फुंकरीने त्यांच्या अंगावर टाकला होता. मिरजेच्या लोकांना अनयने स्वतः जाऊन सांगितलं. मोहना म्हणाली, लग्न करीन. ती तुमच्यापेक्षा धीट निघाली.

बाबांनी अनयला माफ केलं. तुम्हालाही केलं. बहीण आहे, म्हणाले, आईपण आंधळं असतं, जाऊ दे. ते लग्नाला येणार आहेत आणि भाच्याच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहणार आहेत. त्यांच्यापुरतं ते मिटलं.

माझ्यापुरतं मिटलेलं नाही. पांढरा मोजा मी घालू देणार नाही. आईने शिवायला घेतला होता, तो मी उसवला. मंगलाष्टकं चालू असतील तेव्हा तो हात अनयच्या खांद्यावर असेल, उघडा, आणि न मिटणारी बोटं सगळ्या मांडवाला दिसतील. मी कॅमेरा घेऊन समोर उभी राहणार आहे.

अण्णांचा तुम्ही पाठवलेला फोटो या पाकिटासोबत परत करते आहे. तो मी सरळ केलेला नाही, तुमच्याकडचाही तसाच भिंतीवर राहू द्या. त्याच्या शेजारी थोडी जागा मोकळी ठेवा. लग्नातला तो फोटो मी स्वतः मोठा करून तुम्हाला पाठवीन. कोपरा धरीन, शिफ्ट दाबीन, दुसऱ्या हातात फोन नसेल. माझ्या बाबांचा हात तुमच्या भिंतीवर जसा आहे तसाच दिसेल, सूतभरही कमी-जास्त नाही.

माधवची मुलगी,
कांचन